मुंबई दर्शनाची गाडी बंगल्यापाशीच का वळते?

प्रति,
मुंबईचे किल्ले, लेणी, धक्के आणि पर्यटन ज्यांच्या ताब्यात आहे त्या सर्व खात्यांचे अधिकारी

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एकाच टेबलावर पाठवता आलं असतं तर तिकिटाचे पैसे वाचले असते. पण सायनचा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, शिवडीचा राज्याच्या. तिथवर नेणारे रस्ते, गटारं आणि कचरा महापालिकेकडे. शिवडीच्या आसपासची जमीन बंदराची. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात. लाँचमध्ये बसून घारापुरीला उतरलं की जिल्हाच बदलतो, कारण ते रायगडात. मुंबईचा वारसा म्हणजे सात सासवांची सून झाली आहे, म्हणून पत्र सगळ्यांना आणि उघड लिहिते आहे.

मी परळला राहते. गावाकडून येणाऱ्या मराठी गटांना मुंबई दाखवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. बचत गटाच्या बायका, निवृत्त शिक्षक, भजनी मंडळं, जिल्हा परिषदेच्या शाळांच्या सहली असे माझे प्रवासी. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि एरवी लग्न-बारशाशिवाय गावाबाहेर न पडणाऱ्या बायका मुंबई बघायला येऊ लागल्या. सरकारच्या त्या एका निर्णयानं माझ्या धंद्याला जेवढा हात दिला, तेवढा पर्यटनाच्या कुठल्याही जाहिरातीनं दिलेला नाही. पण त्या मुंबईत उतरल्यानंतर पुढे त्यांचं काय करायचं, हे कोणीच ठरवलेलं दिसत नाही.

आता लिहायचं कारण. गेटवेजवळ, रेडिओ क्लबपाशी, मोठी प्रवासी जेटी आणि टर्मिनल बांधायचा निर्णय झाला. रहिवाशांनी विरोध केला, प्रकरण कोर्टात गेलं, पेपरांत रकानेच्या रकाने भरून आले. माझा जेटीला विरोध नाही. ओहोटीच्या वेळी गेटवेच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवरून, एका हातात नऊवारीचा घोळ धरलेल्या आजींना हलत्या लाँचमध्ये ज्यांनी चढवलं आहे, त्यांना सोयीचा धक्का नको कसा वाटेल? मला खुपतं ते निराळं. या शहराच्या पर्यटनाचा सगळा विचार, सगळा पैसा आणि सगळं भांडण गेटवेभोवतीच घुटमळतं. तिथून उत्तरेला निघालेली मुंबई दर्शनाची गाडी थांबते ती थेट वांद्र्याला, बॅंडस्टँडवर, एका सुपरस्टारच्या बंगल्यासमोर. फाटकाबरोबर फोटो होतात आणि गाडी वळते. त्याच रस्त्यानं थोडं पुढे चाललं की वांद्र्याचा पोर्तुगीज किल्ला आहे. तिथं गाडी सहसा जात नाही.

बंगला दाखवू नये असं मी म्हणत नाही. मीही दाखवते. बायका हौसेनं आलेल्या असतात आणि हौसेला नाकं मुरडणारी मी कोण! पण जुन्नरच्या, नाशिकच्या, साताऱ्याच्या माणसाला दिवसभर गेटवे, ताज, मरीन ड्राइव्ह, राणीची बाग आणि बंगले दाखवून झाले की संध्याकाळी कोणीतरी हमखास विचारतं, ‘बाई, इथं किल्ला नाही का एखादा?’ जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तर हा प्रश्न सकाळीच येतो. त्या बारांतला खांदेरी मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या समोर समुद्रात उभा आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये तो बांधायला घेतला तेव्हा तो होऊ नये म्हणून मुंबईच्या इंग्रजांनी जहाजं धाडली होती, एवढं सांगितलं की गटाचे कान टवकारतात. मग मी त्यांना मुंबईच्या खऱ्या सरहद्दीची गोष्ट सांगते. ती इथंही थोडी सांगायला हवी, कारण आपल्यापैकी किती खात्यांनी हे किल्ले एका ओळीत उभे करून पाहिले आहेत, याची मला शंका आहे.

१५३४ च्या तहानं गुजरातच्या सुलतानाकडून वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांकडे गेली. १६६१ मध्ये पोर्तुगालची राजकन्या इंग्लंडच्या राजाला दिली, तेव्हा मुंबई आंदण म्हणून ठरली. १६६८ मध्ये त्या राजानं ती वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. पण आंदणात मिळालं ते बेट. माहीमच्या खाडीपलीकडची साष्टी, म्हणजे वांद्र्यापासून उत्तरेचं मोठं बेट, पोर्तुगीजांकडेच राहिली. म्हणजे आज जिथं वांद्रे-माहीमची लोकल पुलावरून धडधडत जाते, तिथं दोन युरोपी सत्तांची हद्द होती. पलीकडच्या टोकावर पोर्तुगीजांचा वांद्र्याचा किल्ला, १६४० चा. अलीकडे इंग्रजांचा माहीमचा. तिथून आत खाडीच्या कडेकडेनं धारावीचा काळा किल्ला, मग टेकडीवर सायन, मग पूर्वेच्या चिखलाकडे तोंड करून शिवडी. सायनचा किल्ला १६६९ ते १६७७ या काळात गव्हर्नर ऑंजियरनं बांधून घेतला, शिवडीचा १६८० चा. याच ऑंजियरनं मुंबईच्या रक्षणासाठी भंडाऱ्यांची पलटण उभी केली होती, हे सांगितलं की कोकणातल्या गटात दोन-चार माना तरी ताठ होतात.

शिवडीचा किल्ला बांधून दहा वर्षंही झाली नव्हती. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान नेमका शिवडीलाच उतरला, माझगाव घेतलं, माहीम घेतलं आणि इंग्रजांना वर्षभराहून अधिक काळ कोटात कोंडून ठेवलं. जाताना त्यानं माझगावचा किल्ला पाडला.

आणि १७३७. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी घेतली ते हेच साल. काळ्या किल्ल्यावर गव्हर्नर हॉर्नच्या हुकमानं बांधल्याचा इंग्रजी शिलालेख आहे, त्यातही साल १७३७. मिठी नदीच्या पल्याड मराठे, अल्याड नवा बुरूज. दोन वर्षांनी, मे १७३९ मध्ये, वसई पडली. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांनी पोर्तुगीजांना तो उद्ध्वस्त करायला लावला, म्हणून आज तिथं पडक्या भिंतीच दिसतात. नाशिकहून आलेल्या बायकांना मी सांगते, नारोशंकराच्या देवळातली ती मोठी घंटा बघितली आहे ना? ती या वसईच्या विजयातली. लहानपणापासून नदीवर जाता-येता बघितलेल्या घंटेचा धागा धारावीच्या एका काळ्या भिंतीपर्यंत येऊन पोचतो, हे त्यांना तिथं उभं राहून समजतं. तिथं उभं राहता आलं तर.

कारण काळ्या किल्ल्यापाशी उभं राहायला जागा नाही. बसच्या पाटीवर ‘काळा किल्ला’ आहे, आगाराला त्याचं नाव आहे, पण किल्ला कुठं आहे ते विचारत विचारत जावं लागतं. चारी बाजूंनी वस्ती, बोळ, प्लास्टिकच्या गोण्या. आत जायला धड दरवाजा नाही, आतला भाग कचऱ्यानं भरत आलेला. वस्तीला मी दोष देणार नाही. तिथल्या पोरांनीच मला भिंतीला लागून शिडी कुठून लावतात ते दाखवलं, आणि शिलालेख पुसून वाचायला मदत केली. दोष आहे तो किल्ल्याच्या पायापर्यंत सगळं येऊ दिलं आणि नंतर नजर फिरवली त्यांचा. आता धारावीचा पुनर्विकास सुरू होतो आहे. घराघराची मोजणी, पात्र-अपात्रतेच्या याद्या, सगळं चाललं आहे. या आराखड्यात काळा किल्ला कुठं आहे? त्याच्याभोवती किती जागा मोकळी राहणार? मिठीकडची बाजू दिसणार की तिथं एखादं वाहनतळ येणार? हे आजच्या आज जाहीर व्हायला हवं. टॉवर उभे राहिल्यावर विचारून काय उपयोग.

बाकीच्या किल्ल्यांचं थोडक्यात सांगते.

सायनला केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं मुंबई मंडळाचं कार्यालय टेकडीच्या पायथ्याशीच आहे. वर मात्र भिंतींवर बदामात कोरलेली नावं आणि जोडप्यांची गर्दी. जोडप्यांनी कुठं जावं हा मुंबईचा जुना प्रश्न आहे, तो या पत्रात सुटणार नाही. पण टेकडीवरून खाडी कुठं होती, साष्टी कुठं होती, तोफेचं तोंड कोणत्या दिशेला असेल, हे दाखवणारा एक दगडी नकाशा तरी बसवता येईल.

माहीमच्या किल्ल्यातल्या झोपड्या महापालिकेनं हलवल्या आणि तिथल्या कुटुंबांना दुसरीकडे घरं दिली. हे काम अवघड होतं आणि ते झालं, त्याबद्दल मोकळेपणानं धन्यवाद. आता डागडुजीचं वेळापत्रक किल्ल्याबाहेर मराठीत लावा. पुढे काय होणार हे शेजारच्या माणसाला माहीत असलं की तोच राखण करतो.

शिवडीचं दुखणं वेगळं. हिवाळ्यात चिखलावर रोहित पक्षी येतात तेव्हा कॅमेरेवाल्यांची रीघ लागते. आता शेजारून अटल सेतू गेला आहे, जानेवारी २०२४ पासून. इथून घारापुरीपर्यंत रोपवे होणार अशा बातम्याही आम्ही वाचून झालो. रोपवे झाला नाही. तो व्हावा अशी माझी मागणीही नाही. स्टेशनपासून किल्ल्यापर्यंत साठीच्या माणसाला ट्रेलर-टँकरांच्या अंगावर न जाता चालत येईल असा पदपथ झाला तरी माझा गट खूश होईल.

मढला तर जाताच येत नाही. हवाई दलाची जागा आहे, सुरक्षेचं कारण मी समजू शकते. पण चित्रीकरणासाठी ज्या किल्ल्याचे दरवाजे उघडले गेले आहेत, ते वर्षातून चार रविवारी ओळखपत्र बघून शाळेच्या मुलांसाठी का उघडू नयेत?

आता ज्यावर मोठी माणसं बोलत नाहीत असा मुद्दा: स्वच्छतागृह. माझ्या गटात पंचावन्न ते पंच्याहत्तर वयाच्या बायका असतात. त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. का, तर ‘मधे कुठं जायचं?’ मुंबईच्या दमट उकाड्यात पाणी न पिता किल्ला चढायचा म्हणजे काय होतं ते डॉक्टरांना विचारा. एका किल्ल्यापाशी आमच्यातल्या एका मावशींना घेरी आली. जवळचं सार्वजनिक शौचालय कुलूपबंद होतं, किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेला होता. शेवटी कोळीवाड्यातल्या एका बाईनं स्वतःच्या घराचं दार उघडलं, आमच्या सगळ्यांची सोय केली, वर चहा पाजला आणि पैसे घेतले नाहीत. तिचे उपकार मी विसरणार नाही. पण एखाद्या महानगराचं पर्यटन कोळणीच्या मोरीच्या भरवशावर चालावं का?

परवानगीचंही तेच. एका शाळेच्या सहलीसाठी मी रीतसर अर्ज घेऊन एका कचेरीत गेले. तिथून दुसरीकडे पाठवलं, दुसरीकडून पुन्हा पहिल्या ठिकाणी. शेवटी एका भल्या कारकुनानं हळूच सांगितलं, ‘बाई, अर्ज करू नका, नुसत्या जाऊन या.’ सल्ला प्रेमाचा होता. मी तो मानला नाही, सहल रद्द केली. चाळीस पोरं घेऊन विनापरवानगी पडक्या तटाखाली उभं राहायचं धाडस माझ्यात नाही.

फलकांबद्दल बोलावं तितकं थोडं. जिथं फलक आहेत तिथं मराठी मजकूर इंग्रजीवरून जशाच्या तसा उतरवलेला, वाचणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो. कोणत्या गव्हर्नरनं बांधला, कोणती शैली, किती साल. दगड कोणी फोडला, पहाऱ्यावर कोण होतं, खाडीतून तराफे कोणी नेले, यावर एक अक्षर नाही. एका आजींनी सीएसएमटीसमोर मला सरळ विचारलं होतं, ‘इंग्रजाचं कवतिक आपण कशापायी करायचं गं?’ मी त्यांना कमानींवरची पानं, माकडं, मोर दाखवले आणि सांगितलं की यातलं पुष्कळ कोरीव काम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांच्या हातचं आहे. आजी मग प्रत्येक मोर बघत बसल्या आणि आमची पुढची वेळ चुकली. हे सांगणारा फलक असता तर मला ओरडून सांगावं लागलं नसतं, रस्त्यावरच्या हॉर्नमध्ये अर्ध्यांना ऐकूही आलं नव्हतं. २०१८ मध्ये ओव्हलभोवतालच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारती जागतिक वारसा झाल्या. त्यांची मराठीत ओळख करून देणारं एक पानभर पत्रक स्टेशनच्या खिडकीवर फुकट मिळायला काय हरकत आहे?

घारापुरीविषयी एवढंच: लेणी सोमवारी बंद असतात हे तिकीट विकणाऱ्यानं आधी, मोठ्या अक्षरांत सांगावं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाच्या बोटीची धडक बसून प्रवासी बोट बुडाली, माणसं गेली. त्यानंतर काही दिवस सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट होतं. नियम तोच आहे, तर तो पावसाळा-हिवाळा-गर्दी न बघता पाळला जावा. लहान मुलांच्या मापाची जॅकेटं किती ठेवलेली असतात, हे एकदा अचानक जाऊन मोजा.

सगळंच वाईट चाललं आहे असं नाही. महापालिकेच्या मुख्यालयाची वारसा फेरी २०२१ पासून सुरू आहे. चालू कचेरीत, कामकाज सांभाळून, लोकांना आत नेता येतं हे आपणच सिद्ध केलं आहे. मग उघड्यावर पडलेल्या किल्ल्यांना काय अडचण आहे?

मागण्या स्पष्ट लिहिते, म्हणजे ‘तुमच्या भावना पोचल्या’ असं उत्तर द्यायची पाळी येणार नाही.

मुंबईतल्या सगळ्या किल्ल्यांसाठी एक अधिकारी नेमा. मालकी कोणाचीही असो, परवानगीचा अर्ज एकाच ठिकाणी घ्या आणि सात दिवसांत हो किंवा नाही सांगा.

शनिवार-रविवारी वांद्रे किल्ला, माहीम, काळा किल्ला, सायन, शिवडी अशी एक बस सोडा. एका सकाळीत होणारा रस्ता आहे. उघड्या छताच्या जुन्या दुमजली गाड्या ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या, त्याही मुख्यतः दक्षिण मुंबईतच फिरायच्या. मला दुमजली नको, वातानुकूलित नको. साधी लाल गाडी चालेल, फक्त तिच्या पाटीवर किल्ल्यांची नावं असू देत.

प्रत्येक किल्ल्यापासून पाच मिनिटांच्या आत बायकांसाठी उघडं, पाणी असलेलं स्वच्छतागृह असावं. नवं बांधू नका हवं तर, आहे त्याला कुलूप लावून ठेवणं बंद करा.

धारावीच्या आराखड्यात काळ्या किल्ल्याभोवतीची मोकळी जागा आखून ती जाहीर करा, आणि काम सुरू होण्याआधी आतला कचरा काढून शिलालेखाची नीट नोंद करा.

फलक मराठीत लिहून घ्या, मग त्याचं इंग्रजी करा. लिहायला इतिहासाचे मराठी शिक्षक या शहरात हवे तेवढे आहेत.

आणि शेवटची, जी मला पहिल्याइतकीच महत्त्वाची वाटते. वरळी, माहीम, शिवडी, धारावी इथल्या तरुण मुलामुलींना गाइडचं प्रशिक्षण आणि परवाना द्या. परीक्षा मराठीतही घ्या. वरळीच्या किल्ल्यातल्या विहिरीबद्दल, देवळाबद्दल कोळीवाड्यातली मुलगी जे सांगेल ते मला परळहून येऊन सांगता येणार नाही. माझा धंदा त्यामुळे थोडा कमी होईल, चालेल. घेरी आलेल्या मावशींसाठी दार उघडणाऱ्या त्या बाईच्या लेकीला चार पैसे मिळालेले मला बघायचे आहेत.

दिवाळीनंतर सहलींचा हंगाम सुरू होतो. तोवर बस आणि स्वच्छतागृहं एवढं झालं, तर बाकीच्यासाठी मी पुढच्या वर्षीपर्यंत थांबेन. धारावीची मागणी मात्र थांबणारी नाही, तिचं उत्तर लगेच द्या. उत्तर एकाच खात्याच्या सहीनं आलं तरी चालेल.

कळावे,

गावाकडच्या गटांना मुंबई दाखवणारी,
परळची एक रहिवासी